मॅनेजरचे ४ कोटी डॉलर: महाग की स्वस्त?

शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून तुम्ही विचारलंय, ते थोडक्यात असं: मुलीबरोबर दोन-तीन वर्षांपासून शिकागो कब्स या बेसबॉल संघाचे सामने बघायला लागलात. २०२३ च्या नोव्हेंबरात क्लबने क्रेग काउन्सेलला मॅनेजर म्हणून ५ वर्षांचे ४ कोटी डॉलर दिले. आदल्या मोसमात संघाने ८३ सामने जिंकले होते, त्याच्या पहिल्या मोसमातही बरोबर ८३. मग हे पैसे पाण्यात गेले का? त्यात एखादा चांगला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आला नसता का? आणि दर हिवाळ्यात छापून येणारे करारांचे अवाढव्य आकडे वाचायचे कसे?

आधी एक शब्द सोडवून घेऊ. आपल्याकडे क्रिकेट संघाचा मॅनेजर म्हणजे दौऱ्यावर हॉटेल, बस, पासेस आणि सामान बघणारा गृहस्थ. बेसबॉलचा मॅनेजर खेळाडूंसारखाच गणवेश घालून डगआउटमध्ये बसतो. आज कोण खेळणार, कोणत्या क्रमाने बॅटिंगला जाणार, पिचर कधी काढायचा, हे तो ठरवतो. पण कोणता खेळाडू विकत घ्यायचा आणि किती पैशांत, हे ठरवणारी माणसं वरच्या मजल्यावर असतात. कब्समध्ये तो माणूस जेड हॉयर. काउन्सेलला आणणाराही तोच, आणि आधीचा मॅनेजर डेव्हिड रॉसच्या कराराचं एक वर्ष बाकी असताना त्याला घरी पाठवणाराही तोच. मॅनेजरचं मत विचारतात, नाही असं नाही. पण लग्नाच्या बोलणीत मामांना विचारतात, तितपतच.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझं म्हणणं किती वजनाने घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. सात वर्षं मी एका क्लबच्या आकडेवारी विभागात होतो, आणि आता बरीच वर्षं खेळाडूंच्या बाजूने पगाराच्या लवादासाठी फायली तयार करतो. त्यामुळे पैशाची गणितं मला जवळून ठाऊक आहेत. मॅनेजरच्या बाबतीत मात्र मी एकदा सपशेल चुकलोय. ते पुढे येईल.

आता तुमचा मूळ प्रश्न. ४ कोटींना ५ ने भागा: वर्षाला ८० लाख डॉलर. खुल्या बाजारात खेळाडू घेताना एका जादा विजयाची किंमत आमच्या धंद्यात ढोबळमानाने ८० लाख ते १ कोटी डॉलर धरतात. सगळ्यांची पद्धत वेगळी, आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण अंदाजाला पुरे. म्हणजे काउन्सेलने वर्षाकाठी एक सामना, फक्त एक, जास्त जिंकून दिला तरी हिशेब बरोबर सुटतो.

वर आणखी एक फायदा आहे, आणि बातम्यांत तो सहसा येत नाही. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या बेसबॉल लीगमध्ये, आयपीएलसारखी पगाराची कडक मर्यादा नाही. एक रेषा आहे. ती ओलांडली की वरच्या रकमेवर कर बसतो. २०२४ साली ही रेषा २३ कोटी ७० लाख डॉलरवर होती. पहिल्यांदा ओलांडणाऱ्याला २० टक्के, लागोपाठ दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी ५०, आणि फारच वर गेलात तर त्यावर अधिभार. कब्स त्या वर्षी रेषेच्या जेमतेम वर गेले. कर सहा लाख डॉलरच्या आतच बसला. पण मॅनेजरचा पगार या हिशेबात धरतच नाहीत. खेळाडूला ८० लाख दिले तर ते रेषेत मोजले जातात, मॅनेजरला दिले तर नाहीत. रेषेवर पाय ठेवून उभ्या असलेल्या क्लबला मॅनेजर ही अशी खरेदी, जी करवाल्याला दिसत नाही. म्हणून ‘त्याच पैशांत पिचर आला नसता का’ या प्रश्नाचं उत्तर: तितक्याच पैशांत नसता आला. तो त्याहून महाग पडला असता.

आणि गंमत म्हणजे पिचरही आलाच. जानेवारी २०२४ मध्ये कब्सनी जपानहून शोटा इमानागाला ४ वर्षांच्या ५ कोटी ३० लाखांत घेतलं. पहिल्याच मोसमात त्याने १५ सामने जिंकले, फक्त ३ हरला.

मग ८३ आणि ८३ चं काय? इथे मात्र ‘परिस्थितीवर अवलंबून’ हे उत्तर द्यावं लागतं, आणि ते पळवाट म्हणून देत नाही. मॅनेजरचा परिणाम मोजता येत नाही, कारण तोच संघ, तेच खेळाडू, तेच वर्ष घेऊन दुसऱ्या मॅनेजरला खेळवून बघता येत नाही. १६२ सामन्यांच्या मोसमात नुसत्या नशिबाने पाच-सहा विजय इकडचे तिकडे होतात. त्या गोंगाटात एक-दोन विजयांची करामत ऐकू कशी येणार?

पण या प्रकरणात निसर्गाने जवळजवळ एक प्रयोगच करून ठेवलाय. काउन्सेल ज्या मिलवॉकी ब्रूअर्सला सोडून आला, ते तुमच्यापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर. २०१५ पासून तो तिथे मॅनेजर होता. शेवटच्या सहा मोसमांत पाच वेळा संघ प्लेऑफला गेला. तो गेला तेव्हा सगळ्यांनी ब्रूअर्सचं श्राद्ध घातलं. त्यांना घडवणारा डेव्हिड स्टर्न्स न्यूयॉर्क मेट्सकडे गेलेला, पिचर ब्रँडन वुडरफ खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे पूर्ण मोसम बाहेर, आणि फेब्रुवारीत त्यांचा सर्वोत्तम पिचर कॉर्बिन बर्न्स त्यांनी बाल्टिमोरला देऊन टाकला. मॅनेजरच्या खुर्चीत बसवला पॅट मर्फी, काउन्सेलचाच सहायक, पासष्टीच्या उंबरठ्यावरचा. त्याआधी मेजर लीगमध्ये मॅनेजर म्हणून त्याची पुंजी म्हणजे २०१५ साली सॅन डिएगोत हंगामी म्हणून सांभाळलेले ९६ सामने.

२०२३ मध्ये काउन्सेलबरोबर ब्रूअर्सचे विजय ९२. २०२४ मध्ये मर्फीबरोबर ९३. २०२५ मध्ये ९७, म्हणजे त्या वर्षी सगळ्या लीगमध्ये सर्वाधिक. मर्फीला दोन्ही वर्षी नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक, दुसरा अमेरिकन लीग) सर्वोत्तम मॅनेजर हा मान मिळाला. मुलाखतीत खिशातून पॅनकेक काढून खाणारा माणूस आहे हा. मला तो गावातल्या जुन्या कबड्डी मास्तरांसारखा वाटतो: पोरांना शिव्याही घालणार आणि डबाही देणार.

यावरून ‘काउन्सेलमध्ये काही नव्हतंच’ असा निष्कर्ष काढणारे खूप भेटतील. मी काढणार नाही. मला यात दिसतं ते असं: काउन्सेलने नऊ मोसमांत बसवलेली घडी त्याच्याच सहायकाने पुढे चालवली. पिचर घडवणं, झेल आणि धावण्याची शिस्त, कमी पगारात उपयोगी माणसं शोधणं, हे सगळं मिलवॉकीत जागेवर होतं. शिकागोत ते जागेवर नव्हतं, आणि ते चार महिन्यांत येत नाही. दुसऱ्या वर्षी, २०२५ मध्ये, कब्सनी ९२ जिंकले, सॅन डिएगोला हरवून पुढच्या फेरीत गेले आणि तिथे पाच सामन्यांत हरले, ते या ब्रूअर्सकडूनच. अर्थात त्या ९२ मध्ये ह्यूस्टनहून अदलाबदलीत आणलेला काइल टकरही होता. श्रेय कोणाला किती, हे वाटायला बसू नका. आमच्या विभागात त्यावर माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालेली मी पाहिली आहेत.

आता माझी चूक. मी क्लबमध्ये असताना मॅनेजर निवडायचा होता. हल्ली उमेदवारांना मुलाखतीत सामन्याचे प्रसंग देतात, आणि ते प्रसंग तयार करण्याचं काम माझ्याकडे होतं. एक प्रसंग असा: सातवी इनिंग, आपण एका धावेने पुढे, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर माणसं, समोर डावखुरा बॅटर, आपल्या उजव्या पिचरचे ८८ चेंडू झालेले. आकडे स्पष्ट सांगत होते की डावखुरा रिलीव्हर, म्हणजे बदली पिचर, आणा. पहिल्या उमेदवाराने दहा सेकंदांत तेच उत्तर दिलं, टक्केवारीसकट. दुसऱ्याने उत्तराऐवजी मलाच विचारलं, ‘हा रिलीव्हर काल खेळला नाही हे तुमच्या कागदावर दिसतंय. पण काल तो बुलपेनमध्ये उठून गरम झाला होता का? किती वेळा?’

माझ्या कागदावर ते नव्हतं. (बुलपेन म्हणजे बदली पिचर जिथे हात गरम करतात ती जागा.) मी चिडलो, खरं सांगतो. पहिल्याला जास्त गुण दिले. नेमणूक त्याचीच झाली, अर्थात एकट्या माझ्या गुणांवर नाही. जुलै उजाडेपर्यंत आमच्या बुलपेनमधले तीन जण खांदा, कोपर करत दुखापतीच्या यादीत होते. सामन्यात न खेळता नुसतं उठून तीसेक चेंडू टाकून परत बसलेला पिचर धावफलकावर विश्रांती घेतलेला दिसतो. त्याचा हात मात्र विश्रांती घेत नाही. तेव्हापासून कुठल्याही नव्या मॅनेजरच्या बाबतीत मी पहिले दोन महिने एकच गोष्ट बघतो: कोणाला उगाच उठवून बसवतोय का. तुमच्या मुलीला बुलपेन दिसेल अशा जागेचं तिकीट मिळालं तर तिलाही मोजायला सांगा. टीव्हीवर हे कळत नाही.

आता खेळाडूंकडे. खेळाडू हव्या त्या क्लबशी करार करायला मोकळा कधी होतो, हे कळल्याशिवाय किमतीचा अर्थ लागत नाही. एकेकाळी तो मोकळा होतच नसे. क्लब दरवर्षी करार आपोआप वाढवायचा आणि माणूस निवृत्त होईपर्यंत बांधलेला. १९६९ साली सेंट लुईसच्या कर्ट फ्लडला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं, तेव्हा तो अडून बसला आणि कोर्टात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. त्याची कारकीर्द त्यातच संपली. वाट उघडली ती डिसेंबर १९७५ मध्ये, पीटर साइट्झ या लवादाने अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरना मोकळं ठरवलं तेव्हा.

आजचा नियम: मेजर लीगमध्ये ६ वर्षं सेवा पूर्ण झाली की फ्री एजंट. १७२ दिवसांचं एक वर्ष धरतात. (१७१ दिवस भरले तर वर्ष भरत नाही, आणि हुशार पोराला एप्रिलमध्ये खालच्या लीगमधून दोन-तीन आठवडे उशिरा वर आणण्यामागे बऱ्याचदा हेच गणित असतं.) पहिली साधारण तीन वर्षं क्लब देईल तो पगार, २०२४ मध्ये किमान ७ लाख ४० हजार डॉलर. मग तीन वर्षं लवादाची. खेळाडू एक आकडा सांगतो, क्लब दुसरा, आणि लवाद दोनांपैकी एकच निवडतो. मधला आकडा काढायची मुभा नाही.

हेच माझं सध्याचं पोटापाण्याचं काम, म्हणून एक उदाहरण देतोच. बर्न्स २०२१ चा साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराचा, विजेता. २०२३ साठी त्याने १ कोटी ७.५ लाख मागितले, ब्रूअर्स १ कोटी १० हजारांवर ठाम. फरक ७ लाख ४० हजारांचा. सुनावणीत क्लबला आपल्याच हिऱ्यातल्या खोटी काढून दाखवाव्या लागतात, खेळाडू समोर बसलेला असताना. क्लब जिंकला, आणि बर्न्सने नंतर उघडपणे सांगितलं की हे मनाला लागलं. वर्षभराने तो बाल्टिमोरला गेला, मग डिसेंबर २०२४ मध्ये ॲरिझोनाने त्याला ६ वर्षांचे २१ कोटी दिले. २०२५ च्या जूनमध्ये कोपराची शस्त्रक्रिया. २१ कोटी ज्याने दिले तो बघत बसला, आणि ज्या ब्रूअर्सनी त्याला आधी सोडलं त्यांनी त्या वर्षी ९७ सामने जिंकले.

यात ॲरिझोनाचा मूर्खपणा नव्हता. सहा वर्षं सेवा भरेपर्यंत बहुतेक खेळाडू तिशीला टेकतात. ऐन भरातली वर्षं स्वस्तात एका क्लबला मिळालेली असतात, आणि पूर्ण किंमत मोजणारा उतरणीची वर्षं घेतो. खुल्या बाजारातली महाग सही म्हणजे आंब्याच्या मोसमाच्या शेवटी घेतलेली पेटी: गोड असेल, पण आधी खालचे थर बघा. म्हणूनच हुआन सोटोसारखा २६ वर्षांचा खेळाडू मोकळा झाला की बाजार वेडा होतो. डिसेंबर २०२४ मध्ये मेट्सनी त्याला १५ वर्षांचे ७६ कोटी ५० लाख दिले, तेही काहीही पुढे न ढकलता.

हे ‘पुढे ढकलणं’ समजलं की बातमीतले निम्मे आकडे खाली येतात. शोहेइ ओहतानीचा डॉजर्सबरोबरचा डिसेंबर २०२३ चा करार सगळ्यांना पाठ आहे: १० वर्षं, ७० कोटी. त्यातले ६८ कोटी बिनव्याजी पुढे ढकललेले. खेळत असताना वर्षाला २० लाख, उरलेलं २०३४ ते २०४३ मध्ये. दहा-वीस वर्षांनी मिळणाऱ्या डॉलरची आजची किंमत कमी, म्हणून कराच्या रेषेत हा करार वर्षाला ७ कोटींऐवजी सुमारे ४ कोटी ६० लाख मोजला जातो. त्यात आणखी एक कलम आहे, तुमच्या मॅनेजरच्या प्रश्नाला थेट लागू पडणारं. मालक मार्क वॉल्टर किंवा प्रेसिडेंट अँड्र्यू फ्रीडमन यांच्यापैकी कोणी गेलं, तर ओहतानीला करार मोडता येतो. मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सचं नाव त्या कलमात नाही. खेळाडू स्वतःची दहा वर्षं कोणाच्या भरवशावर लावतो, ते याच्याहून स्पष्ट कुठे लिहिलेलं मला माहीत नाही. (त्याच रॉबर्ट्सला मार्च २०२५ मध्ये वर्षाला ८१ लाखांचा करार मिळाला, काउन्सेलपेक्षा थोडा वरचा. बाजारभाव काउन्सेलने ठरवून दिला म्हणायचा.)

तुमच्या इमानागाचा करारही बातमीतल्या आकड्यापेक्षा वेगळा निघाला. ५ कोटी ३० लाख ही फक्त हमी होती. दोन मोसमांनंतर क्लबने हवं तर तीन वर्षं वाढवायची, एकूण ८ कोटींपर्यंत. क्लबने नाही म्हटलं तर त्याला निघून जायची मुभा. २०२५ नंतर क्लब नाही म्हणाला, त्यानेही करारात राहण्याचा आपला पर्याय सोडला, मग क्लबने त्याला एका वर्षाचा ठरीव प्रस्ताव दिला. त्या हिवाळ्यात ती रक्कम २ कोटी २० लाखांच्या जराशी वर होती, आणि त्याने ती घेतली. इतकं फिरून माणूस जागच्या जागी. जपानी खेळाडूंच्या बाबतीत जपानच्या क्लबला द्यायचं शुल्कही जोडा: पहिल्या अडीच कोटींवर २० टक्के, पुढच्या अडीच कोटींवर साडेसतरा, त्यावर १५. योशिनोबु यामामोतोच्या साडेबत्तीस कोटींवर हे करून बघा, ५ कोटी ६ लाखांवर येईल. मुलीच्या गणिताच्या सरावाला बरं आहे.

वेळापत्रकाबद्दल. मॅनेजरच्या नेमणुका ऑक्टोबर-नोव्हेंबरात उरकतात, कारण त्याला सहायक निवडायचे असतात. खेळाडूंच्या सह्या वर्ल्ड सिरीजनंतर पाच दिवसांनी सुरू होतात, डिसेंबरच्या हिवाळी बैठकांत जोर धरतात आणि फेब्रुवारी, कधी मार्चपर्यंत रेंगाळतात. रेंगाळणाऱ्यांची किंमत उतरते म्हणून ‘स्वस्तात मिळाला’ असं वाटतं. २०२४ च्या मार्चमध्ये ब्लेक स्नेल सॅन फ्रान्सिस्कोला गेला, जॉर्डन माँटगोमेरी ॲरिझोनाला. दोघांचाही मोसमाआधीचा वसंत सराव बुडाला. माँटगोमेरीचा मोसम पूर्ण बसला, दर नऊ इनिंगमागे ६.२३ च्या सरासरीने धावा दिल्या. स्नेलही सुरुवातीला मार खात होता, ऑगस्टमध्ये सिनसिनाटीला एकही हिट न देता पूर्ण सामना टाकला, आणि हिवाळ्यात करार मोडून डॉजर्सकडे १८ कोटी २० लाखांवर गेला. एकाच महिन्यातल्या दोन ‘स्वस्त’ सह्या, दोन टोकं. पिचर मार्चमध्ये आला तर मी एप्रिल-मेमधले त्याचे आकडे वाचतच नाही.

आणि मॅनेजर निवडायचे निकषही फिरताहेत, म्हणून जुन्या अनुभवावर फार विसंबू नका. क्लीव्हलँडने स्टीव्हन व्होटला निवडलं तेव्हा खेळणं सोडून त्याला एकच वर्ष झालं होतं. पहिल्याच मोसमात तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम मॅनेजर ठरला, पुढच्या वर्षी पुन्हा. २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने टेनेसी विद्यापीठाचा टोनी व्हिटेलो सरळ कॉलेजमधून उचलला, व्यावसायिक बेसबॉलचा एका दिवसाचा अनुभव नसताना. ते चालेल की नाही, मी पैज लावणार नाही.

राहिला तुमच्या मुलीचा प्रश्न: मिलवॉकीत काउन्सेलला इतकं हुर्यो का करतात, खेळाडू तर रोजच क्लब बदलतात. तिला सांगा, तो तिथलाच मुलगा आहे. मिलवॉकीला लागून असलेल्या व्हाइटफिश बे गावात वाढला, वडील ब्रूअर्सच्या कार्यालयात कामाला होते, पुढे तो त्याच क्लबकडून खेळला आणि मॅनेजर झाला. कॉलेजात त्याला शिकवणारा प्रशिक्षक कोण, तर हाच पॅट मर्फी. असा माणूस शेजारच्या शहरातल्या वैऱ्याकडे दुप्पट पगारावर गेला. गावात मुलांच्या बेसबॉल मैदानाला त्याचं नाव दिलेलं आहे. बातमी आली त्या आठवड्यात कोणीतरी जाऊन त्या फलकावर शिवी रंगवून आलं.